इन्शिराहच्या डाव्या हातातला हात

मी पियानो वाजवतो. पन्नास वर्षं झाली. कुठे वाजवता, असं कुणी विचारलं की छाती फुगवून सांगावं असं एकही ठिकाण माझ्याकडे नाही. मी नाच शिकणाऱ्यांसाठी वाजवतो, म्हणजे एकच सोळा मात्रांचा तुकडा एका दुपारी चाळीस वेळा. माझं वाजवणं ऐकायला कुणी येत नाही आणि माझ्याकडे कुणी बघतही नाही. मला मात्र सगळ्यांचे चेहरे दिसतात. नाचणाऱ्या बायका आरशात स्वतःचे पाय बघतात, शिकवणारी त्यांचे गुडघे बघते, चेहऱ्यांकडे बघायला फक्त पियानोवाला रिकामा असतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण इन्शिराहची गोष्ट सांगताना माझी बाजू कुठेच बरी दिसणार नाही.

आमच्या शहरात नदीतल्या मनियल बेटावर उसाच्या रसाचं एक दुकान आहे, त्याच्या वर तिसऱ्या मजल्यावर मिस नाझलीचा वर्ग भरतो. नाझली एके काळी मोठ्या बॅले मंडळीत नाचायची. मग गुडघे गेले, पाठोपाठ नवरा गेला, म्हणजे तिनंच त्याला घालवला. राहत्या घराची मधली भिंत पाडून तिनं आरसे लावले आणि चाळिशी उलटलेल्या बायकांना बॅले शिकवायला घेतलं. शेजाऱ्यांनी कपाळाला हात लावला. पण बायका आल्या. बँकेतल्या, शाळेतल्या, नातवंडं झालेल्या, नवऱ्याला ‘शिवणाच्या क्लासला जाते’ म्हणून सांगून आलेल्या. लिफ्ट कित्येक वर्षं बंद आहे, त्यामुळे अर्धा व्यायाम जिन्यातच होतो. शनिवारी आणि मंगळवारी, असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, अजान झाली की मी पियानोचं झाकण उघडतो.

२०१९च्या फेब्रुवारीत इन्शिराह आली. आदल्याच आठवड्यात ती भूमापन खात्यातून निवृत्त झाली होती. पस्तीस वर्षं तिनं नकाशांवर कालवे काढले होते. डोक्याला राखाडी रुमाल, गुडघ्यापर्यंत सैल सदरा, खाली काळी विजार. मी नाक मुरडलं. अशा बायका दोन मंगळवार येतात आणि तिसऱ्या मंगळवारी कंबर धरून घरी बसतात, हा माझा अनुभव. ती आरशासमोरच्या लाकडी दांड्यापाशी उभी राहिली, टाचा जुळवल्या, एक पाऊल दुसऱ्यासमोर असं काही बसवलं की माझी बोटं पट्ट्यांवर अडखळली. चेहरा साठ वर्षांचा होता, पाय अकरा वर्षांचे. मी आधी ते पाय ओळखले, मग तिला.

वर्ग संपल्यावर ती पियानोपाशी आली. "तुम्ही फिक्री ना? मादाम झोयांचे फिक्री. तेव्हा तुम्हाला केस होते."

"आणि तुम्हाला दोन वेण्या होत्या," मी म्हटलं.

"म्हणजे ओळखलंत."

"पायांनी चुगली केली, मादाम."

ती हसली, आणि मी मनात देवाची करुणा भाकली की आता हिनं पुढचं काही विचारू नये. तिनं विचारलं नाही. टॉवेल घेतला आणि गेली.

ते पुढचं काय, ते सांगतो. १९७० साली मी एकवीस वर्षांचा होतो आणि मादाम झोया नावाच्या रशियन बाईंच्या हाताखाली लहान मुलींच्या वर्गात वाजवायचो. बाईंचा नियम एकच: त्यांनी टाळी वाजवेपर्यंत पियानो थांबता कामा नये. कुणी पडलं, कुणी रडलं, छत कोसळलं तरी. त्या वसंतात जुन्या ऑपेरात मुलींचा कार्यक्रम ठरला. चौघींची साखळी होती. हात समोर आडवे गुंफून शेजारणीचा हात धरायचा आणि चौघींनी एका अंगानं सोळा सोळा मात्रांच्या चार फेऱ्या नाचायच्या. साखळीत शेजारणीकडे बघायचं नसतं. चारही माना एकदम वळतात, एकदम फिरतात. एकीनं जरी तिरका डोळा केला तरी सगळी रांग वेडीवाकडी दिसते. शेजारीण कुठे आहे, कशी आहे, हे तळहातानं ओळखायचं. मादाम झोया मुलींच्या हनुवटीखाली छडी धरून हे शिकवायच्या.

इन्शिराहच्या डाव्या हाताला नेर्मीन होती. बारीक, हसरी, बोलायला लागली की तोंडाचा पट्टा थांबायचा नाही अशी. त्या हिवाळ्यात तिला सांध्यांचा ताप येऊन गेला होता आणि तो हृदयात उतरला होता. घरच्यांना वाटलं, पोरगी बरी झाली. इन्शिराहला तेवढं माहीत होतं की नेर्मीन जिन्यात दर सहाव्या पायरीला बसते. "बाईंना सांगितलंस तर मेलीस," नेर्मीननं तिला दम दिला होता, आणि मुस्हफवर, म्हणजे कुराणाच्या प्रतीवर, हात ठेवून शपथ घ्यायला लावली होती. अकरा वर्षांच्या पोरीसाठी ती शपथ केवढी मोठी! तिनं कुणाला सांगितलं नाही. कार्यक्रम झाला, चारही फेऱ्या पार पडल्या, टाळ्या पडल्या, आणि अकराव्या दिवशी नेर्मीन गेली. इन्शिराहनं बूट काढून ठेवले ते कायमचे. पुढल्या वर्षी ते ऑपेराही जळून गेलं.

हे मला इन्शिराहनं स्वतः सांगितलं, मार्च महिन्यात, जिन्याच्या पायरीवर बसून चहा पिताना. माझं मी तिला सांगितलं नाही. मी पियानोवर होतो. नेर्मीनचे ओठ तिसऱ्या फेरीत निळे पडलेले मला पंधरा हातांवरून दिसत होते. मी वाजवत राहिलो. टाळी झाली नव्हती ना.

"त्या जागी आता गाड्या उभ्या करायची इमारत आहे," इन्शिराह म्हणाली. "मी ऑफिसातून येताना एकदा आत गेले होते. दुसऱ्या मजल्यावर दोन गाड्यांच्या मध्ये उभी राहिले. रंगमंच साधारण तिथेच असणार. रखवालदार आला, म्हणाला, हज्जा, कुठली गाडी तुमची? मी म्हटलं, सापडत नाहीये बाबा."

ती आपल्याच बोलण्यावर हसली. मला हसू आलं नाही.

घरून तिला विरोध होताच. तिचा मुलगा वाएल एकदा तिला न्यायला आला आणि दारातच माझ्याजवळ कुजबुजला, "उस्ताद, तुम्ही वडीलधारे आहात, जरा समजवा ना ममाला. लोक काय म्हणतील? साठाव्या वर्षी टांगा वर करायच्या?"

इन्शिराहनं मागून ऐकलं. "टांगा माझ्या, तुझ्या बापानंही कधी हक्क सांगितला नाही त्यांच्यावर. चल, गाडी काढ."

वाएल लाजून लाल झाला. त्यानंतर तो खालीच गाडीत बसून राहायचा.

सप्टेंबरात नाझलीनं जाहीर केलं की डिसेंबरात कार्यक्रम करायचा, गार्डन सिटीतल्या एका जुन्या शाळेचं नाट्यगृह मिळालं आहे, खरा पडदा, खरे दिवे, दुपारी चार वाजता. बायका शाळकरी पोरींसारख्या किंचाळल्या. नाझलीनं स्वतः बसवलेला नाच होता आणि त्यात एक चौघींची साखळी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. साखळी हा बॅलेतला नेहमीचाच मामला आहे. चौघींत इन्शिराह दुसरी. तिच्या डाव्या हाताला दुक्तोरा इज्लाल. इज्लालचं दोक्की भागात औषधांचं दुकान, म्हणून ती दुक्तोरा, म्हणजे डॉक्टरीणबाई, वय बावन्न, नवरा दुबईला, आवाज पोलिसासारखा. कडेच्या दोघी, शाहिनाझ आणि तहानी, सख्ख्या बहिणी. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच की त्या सतत भांडायच्या आणि सुरेख नाचायच्या.

साखळीच्या पहिल्या तालमीनंतर इन्शिराह माझ्यापाशी आली तेव्हा तिचा चेहरा बघून मला वाटलं, हिला काही लागलं की काय.

"उस्ताद, ती आली."

"कोण?"

"नेर्मीन. तिचा हात होता. गार, ओला, आणि उडीच्या आधी असा आवळतो. तोच. मी समोर बघत होते, मान हलवली नाही, आणि तो हात माझ्या हातात होता. एकोणपन्नास वर्षांनी आली हो."

मी कॉप्ट, म्हणजे इथला ख्रिस्ती माणूस, मेणबत्ती लावतो, संतांना नवस बोलतो, पण वर्गात मेलेली माणसं येतात यावर माझा विश्वास नाही. तरीही त्या संध्याकाळी जिना उतरताना मी प्रत्येक पायरीला कठडा धरला.

"घाबरलात का हो?" मी विचारलं.

"घाबरू कशाला? तिचा हात मी सोडला नव्हता कधी." मग म्हणाली, "तिला परत रंगमंचावर जायचंय. त्या वेळी टाळ्या तिला नीट ऐकूच आल्या नाहीत, कानात सूं सूं होत होतं म्हणाली. या वेळी मी तिला शेवटापर्यंत नेते, टाळ्या ऐकवते, मग ती जाईल."

त्या दिवसापासून इन्शिराह बदलली. गुडघ्याची कुरकूर थांबली. वर्गाला अर्धा तास आधी यायची, डावा हात पुसून कोरडा करायची, त्यावर अत्तराचा एक थेंब लावायची. इज्लाल चिडवायची, "अगं, माझ्यासाठी एवढा थाट? माझा नवरासुद्धा हातपाय धुऊन येत नाही." इन्शिराह नुसती हसायची. तिला इज्लाल दिसतच नव्हती. साखळीत समोर बघायचं, आणि साखळी सुटली की सगळ्याजणी पाण्याच्या बाटल्यांवर तुटून पडायच्या. माझ्या चाळीस वेळच्या तुकड्यात मला मात्र एकच दृश्य दिसायचं: इन्शिराहच्या चेहऱ्यावर लहान पोरीचं सुख आणि तिच्या शेजारी इज्लालच्या कपाळावर घाम.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी इज्लाल आली नाही. दुकानात तपासणी होती म्हणे. नाझली स्वतः तिच्या जागी साखळीत उभी राहिली. नाझलीचे हात भट्टीतून काढलेल्या भाकरीइतके गरम असतात. फेरी संपली आणि इन्शिराह कोपऱ्यात जाऊन बसली.

"आज नाही आली ती," मला म्हणाली. डोळे भरले होते. "माझं काही चुकलं का?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हात नेर्मीनचा नव्हताच. इज्लालचा होता. गार, ओला, उडीच्या आधी दुखणं दाबायला आवळणारा. मादाम झोयांनी इन्शिराहला इतकं पक्कं शिकवलं होतं की शेजारणीकडे एकदा मान वळवून बघावं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. बघितलं असतं तर भूत कधीच पळालं असतं.

पुढच्या शनिवारी मी जरा उशिरा निघालो तर दुसऱ्या मजल्याच्या वळणावर इज्लाल भिंतीला टेकून उभी. बारीकशी गोळी जिभेखाली सरकवत होती. मला बघून तिनं डबी मुठीत लपवली.

"उस्ताद, तुम्ही काही बघितलं नाहीत."

"मी आंधळा नाही, दुक्तोरा."

"माझं दुकानच औषधांचं. मी काय खाते ते मला कळतं. कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे जाते, देवाशपथ. नाझलीला कळलं तर ती मला खुर्चीवर बसवेल. बावन्न वर्षांची आहे मी, परत कोण नाचवणार मला? नाही ना सांगणार?"

मी काय करायला हवं होतं ते मला तिथेच, त्या पायरीवर ठाऊक होतं. वर जायचं आणि नाझलीला सांगायचं. दहा पायऱ्या. पण सांगितलं तर साखळी मोडणार, साखळी मोडली तर इन्शिराहचा तो हात जाणार. आणि हात कुणाचा होता हे तिला कळलं की ती मला विचारणार, उस्ताद, तुम्हाला कसं कळलं? मी म्हणणार, मला चेहरे दिसतात. मग ती विचारणार, तेव्हाही दिसत होते का? या शेवटच्या प्रश्नाला मी घाबरलो. बाकी सगळी कारणं मी नंतर गोळा केली, खरं कारण हे एवढंच. मी इज्लालला म्हटलं, "जिना सावकाश उतरा," आणि घरी गेलो.

आमचा ख्रिसमस सात जानेवारीला येतो, म्हणून डिसेंबरभर त्याच्या आधीचा उपास असतो, दूध-तूप-मांस काही नाही. त्या वर्षी मी तो इतका कडक केला की बायको म्हणाली, "पाद्री व्हायचा विचार आहे का?"

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. थंडी होती, पण नाट्यगृह भरलं होतं. नातवंडं, जावई, सुना, दुकानातल्या मुली. वाएल पहिल्या रांगेत फुलं घेऊन बसला होता आणि आजूबाजूच्यांना स्वतःहून सांगत होता, "माझी आई आहे हो, दुसरी." पियानो रंगमंचाच्या डाव्या कडेला होता, तिरका. चेहरे तालमीत दिसायचे त्यापेक्षा जवळ.

पडदा उघडायच्या आधी विंगेत इन्शिराहनं इज्लालचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले. पांढरा झगा, पांढरा रुमाल, ओठ पुटपुटत होते. इज्लालला वाटलं, ही प्रार्थना करतेय. ती म्हणाली, "माझ्यासाठीपण एक म्हण."

मी सुरू केलं. पहिली फेरी अशी झाली की मला मादाम झोयांची आठवण आली आणि मला त्यांचा राग आला. दुसऱ्या फेरीला माणसं श्वास रोखून बसली. साठ, बावन्न, अठ्ठेचाळीस, पन्नास, अशा वयांच्या चार बायका एका अंगानं हलत होत्या. इन्शिराहची हनुवटी वर, डोळे समोर, गालांवर पाणी. तिसऱ्या फेरीच्या तोंडाशी इज्लालचा रंग उतरला. आधी पिवळा, मग राखेचा. ओठ निळे. हा निळा रंग मी आधी एकदा बघितला होता. जगात दुसऱ्या कुणी बघितला असेल नसेल, मी बघितला होता.

मी वाजवत राहिलो. बोटं आपली आपण चालली होती. नाझली समोरच्या विंगेत उभी होती, तिनं टाळी दिली नव्हती. मी सत्तर वर्षांचा माणूस, आणि मी एका टाळीची वाट बघत होतो.

तिसऱ्या फेरीच्या अकराव्या मात्रेला इन्शिराहनं मान वळवली.

बाकीच्या तिन्ही माना उजवीकडे असताना तिची एकटीची डावीकडे. रांग वेडीवाकडी झाली. तिनं इज्लालच्या तोंडाकडे बघितलं, पूर्ण बघितलं. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मला सांगता येणार नाही. दोन माणसं एकदम गमावल्यावर येईल तसं काहीतरी. मग तिनं हात सोडवला, इज्लालच्या काखेत खांदा घातला आणि तिला खाली बसवलं. शाहिनाझ आणि तहानी दोन पावलं पुढे गेल्या आणि थांबल्या. मी आणखी दोन मात्रा वाजवल्या. थबकलेल्या रंगमंचावर त्या दोन मात्रा किती मोठ्यानं वाजल्या ते मला अजून ऐकू येतं.

"पियानो थांबवा!" इन्शिराह ओरडली. माझ्यावर. "फिक्री, थांबवा तो!"

इज्लाल वाचली. कुणाच्यातरी जावयाच्या गाडीतून नेली, त्याच दिवशी हृदयाच्या नळीत जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, आणखी पाच मिनिटं नाचल्या असत्या तर आम्ही काही करू शकलो नसतो. आठवड्यानं मी बघायला गेलो तर ती पलंगावर बसून भांडत होती. "सव्वा फेरी राहिली होती, उस्ताद! एकवीस मात्रा! दात-ओठ खाऊन ओढून नेल्या असत्या मी. या बाईनं माझा रंगमंच घालवला." इन्शिराह तिथेच पायथ्याशी संत्री सोलत बसली होती. शांतपणे म्हणाली, "तीही अशीच नेणार होती, नेलीच तिनं," आणि फोड पुढे केली. इज्लालला काही कळलं नाही. तिनं फोड खाल्ली.

इन्शिराहनं वर्गाला येणं बंद केलं. तीन आठवडे झाले. शेवटी मी सय्यिदा झैनब मोहल्ल्यात तिच्या घरी गेलो. स्वयंपाकघरातच बसलो. ती मोलोखियाच्या भाजीची पानं खुडत होती. माझा उपास तिच्या लक्षात होता. तिनं दुधाशिवायचा चहा आणि तेलातली वांगी पुढे ठेवली.

"मान का वळवलीत?" मी विचारलं.

"हात सैल पडला." ती खुडत राहिली. "नेर्मीनचा हात कधी सैल पडला नाही. शेवटच्या फेरीत तर तिनं माझी हाडं मोडायची बाकी ठेवली होती. हा सैल पडला तेव्हा कळलं, ही ती नाही. मग ही कोण, म्हणून बघितलं. तीन महिने त्या बिचारीचा हात धरला होता आणि ती कोण आहे हे मला त्या दिवशी कळलं."

"आणि नेर्मीन?"

"ती आलीच नव्हती, उस्ताद. मीच आणली होती." तिनं मूठभर पानं ढिगावर टाकली. "एवढं गोड वाटत होतं हो मला."

आता गप्प बसवेना. मी सगळं सांगितलं. जिन्यावरची गोळी, भट्टीसारखे हात, मला नोव्हेंबरातच कळलं होतं ते. आणि मग ते जुनं. निळे ओठ, पंधरा हात अंतर, टाळीची वाट. एकोणपन्नास वर्षं मी ते कुणापाशी बोललो नव्हतो, बायकोपाशीही नाही. सांगताना वाटलं होतं, ऊर हलका होईल. झाला नाही.

इन्शिराहची बोटं थांबली.

"म्हणजे आपण दोघं होतो," ती म्हणाली. "मी समजत होते मी एकटीच. अकरा वर्षांची होते मी, फिक्री. तुम्ही एकवीस."

"हो."

"मग ती माझ्याच उरावर का बसली? तुमच्याकडे का नाही आली?"

 

आमचा सण झाल्यावर, जानेवारीच्या मध्यात, ती वर्गात परत आली. राखाडी रुमाल, तोच सदरा. नाझलीनं तिला मिठी मारली, म्हणाली, वसंतात परत कार्यक्रम करू, साखळी नव्यानं बांधू. बांधलीही. पण इन्शिराह आता बघते. प्रत्येक उडीच्या आधी मान वळवून शेजारणीच्या तोंडाकडे बघते, उजवीकडे, मग डावीकडे. रांग दर वेळी मोडते. नाझली घसा खरवडून ओरडते, "समोर! समोर बघा मादाम इन्शिराह!" आणि ती म्हणते, "नाही बघणार." चार तालमी झाल्यावर नाझलीनं जड मनानं तिला साखळीतून काढलं. इन्शिराह वाद न घालता दांड्यापाशी जाऊन उभी राहिली. रंगमंचाचं स्वप्न तिथेच संपलं, आणि ते तिला कळलं होतं.

बॅलेच्या वर्गाची एक रीत आहे. शेवटी सगळ्याजणी रांगेत उभ्या राहतात, एक पाय मागे घेऊन आधी शिकवणारीपुढे झुकतात, मग पियानोकडे वळून पियानोवाल्यापुढे झुकतात. तीन वर्षांच्या पोरीपासून मोठ्या नर्तकीपर्यंत कुणी हे चुकवत नाही. मादाम झोयांच्या वर्गात अकरा वर्षांची इन्शिराह माझ्यापुढे रोज झुकायची, आणि एकोणपन्नास वर्षांनी मनियलच्या वर्गात आल्यावरही डिसेंबरपर्यंत दर खेपेला झुकायची.

आता ती नाझलीपुढे झुकते, पाठ ताठ, हात सुरेख. मग बाकीच्या माझ्याकडे वळतात आणि ती वळत नाही. टॉवेल घेते, रुमाल नीट करते, जिना उतरू लागते. तिचं बरोबर आहे. मी झाकण लावतो, आणि ती तळमजल्यावर पोचेपर्यंत तिची पावलं ऐकत बसतो.